पान अठ्ठेचाळीस

"यातलं हिरव्या पट्टीचं कुठलं हो?"

खांद्यामागून आवाज आला आणि मी दचकले. वाचनालयात सहसा माझ्याशी कुणी बोलत नाही. तसं बाहेरही फारसं कुणी बोलत नाही म्हणा... पण ते असो.

वळून पाहिलं. उंच, किडकिडीत माणूस. कोटाच्या बाह्यांवर पांढरी भुकटी, एका भुवईवरही थोडी. दोन्ही हातांत एकेक कॉमिक्स, एकावर लाल पट्टी, दुसऱ्यावर हिरवी. आमच्या वाचनालयात लाल पट्टीचं पुस्तक तिथेच बसून वाचायचं आणि हिरव्या पट्टीचं घरी न्यायचं. शेंबड्या पोरालाही कळेल. आणि हा चांगला बाप्या मला विचारत होता!

मला वाटलं, ओळख काढायची ही नवी तऱ्हा दिसतेय.

"डोळे आहेत की बटणं?" मी म्हटलं. "हे काय, उजव्या हातात!"

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता भडकणार, असं वाटलं... पण तो हसला.

"बटणंच असावीत," तो म्हणाला. "आभारी आहे."

आणि गेला. मी तिथेच उभी. हसणं बरं होतं त्याचं, असा विचार मनात आला आणि मी तो लगेच झटकून टाकला. माझी वहिनी म्हणते, तुझ्या जिभेला हाड नाही, म्हणून तुझ्याजवळ कुणी टिकत नाही. वहिनीचं म्हणणं मी कधी मान्य करत नाही. पण विसरतही नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्या माणसाच्या नाकावर चाचणीची जाड फ्रेम ठेवायची, काचा बदलायच्या आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?" दिवसभर मी अनोळखी माणसांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून पाहते. त्यातला एकही डोळा मला पाहत नसतो. ते सगळे माझ्यामागच्या अक्षरांकडे बघत असतात.

या गावात बदलीवर येऊन मला दीड वर्ष झालं होतं. खोली चांगली, खिडकी मोठी, खुर्ची एक. दुसरी आणीन आणीन म्हणत राहिले, पण बसणार कोण? दर रविवारी दादाचा फोन. दादा दोन वाक्यं बोलणार, बाबा "बरी आहेस ना? बरं," म्हणून फोन वहिनीकडे देणार, आणि वहिनी विचारणार, "मग? कुणी भेटलं का?"

"भेटतात की. रोज वीस जण."

"चष्म्याचे नाही गं, माणसं!"

मी हसायचे. फोन ठेवला की खोली जरा जास्तच शांत वाटायची.

म्हणून बुधवारी आणि शनिवारी, दुकान लवकर बंद होतं तेव्हा, मी वाचनालयात जायचे. तिथल्या कॉमिक्सच्या कपाटासाठी ग्रंथपालबाईंनी एक कडक नियम केला होता. प्रत्येक भागाच्या शेवटच्या पानाला कागदी खिसा, खिशात एक कार्ड. वाचून झालं की कार्डावर मत लिहायचं. मत नाही, तर पुढचा भाग नाही. खरं नाव लिहायचं नाही, टोपणनाव लिहायचं.

"नाव लिहिलं की माणसं सभ्य मतं देतात," ग्रंथपालबाई म्हणायच्या. "मला सभ्य मतं नकोत. खरी हवीत."

माझं टोपणनाव 'चष्मेवाली'. बाकी मंडळींत एक 'चावीवाला' होता, एक 'निवृत्त' होते. निवृत्त प्रत्येक कार्डावर एकच मत लिहायचे, "चित्रं छान. अक्षर बारीक." आणि एक होता... 'खिडकीपासून तिसरा'.

त्या हिवाळ्यापासून आम्ही सगळे 'एकशे एक मजले' या मालिकेमागे वेडे झालो होतो. एका अवाढव्य इमारतीत लिफ्ट दुरुस्त करणारी एक मुलगी. तिचा बाप त्याच इमारतीत कुठल्यातरी मजल्यावर हरवलेला. ती एकेक मजला शोधत चाललीय. सहा भाग, दर दोन महिन्यांनी एक यायचा.

पहिल्या भागाच्या कार्डावर मी लिहिलं होतं, "पहिली वीस पानं नुसती जिने चढण्यात गेली. मला धाप लागली."

पुढच्या शनिवारी सहज कार्ड काढून पाहिलं, तर खाली बारीक, कोरल्यासारख्या अक्षरात ओळ. "धाप लागावी म्हणूनच तर ती वीस पानं. चष्मेवाली लिफ्टने गेल्या वाटतं?"

अस्सं! मी पेन काढलं. "लिफ्ट बंद होती. मालिकेत तेवढंच तर दाखवलंय."

दुसऱ्या भागात मी लिहिलं, "खलनायक फारच बोलतो बुवा. दोन पानं एकटाच बडबडतोय."

त्याचं उत्तर आलं, "एकटा राहतो हो तो. कुणी भेटलं की बोलणारच."

ती ओळ मी किती वेळा वाचली, ते विचारू नका. कार्ड खिशात परत ठेवलं, बसथांब्यापर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा काढून वाचलं. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्या भागात मला पानांच्या बेचक्यात बारीक पांढरी भुकटी सापडली. तो वाचून गेला की ती असायची, हे एव्हाना ध्यानात आलं होतं. मी लिहिलं, "तिसरे, तुम्ही पुस्तकात पीठ सांडता. बेकरीत आहात का?"

"पीठ नाही. ओळखा पाहू!"

मी आठवडाभर ओळखत राहिले. खडू? मग मास्तर असेल. पावडर? शी, नको. लोकांच्या नाकावर फ्रेम ठेवता ठेवता मनात हेच, आणि एका आजोबांना मी चक्क उलटी काच लावली. तेव्हा कळलं, आपलं काही खरं नाही. ज्याचं नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, त्याच्यासाठी मी बुधवारची वाट पाहत होते. अख्ख्या गावात माझ्या बोलण्याला उत्तर देणारा तो एकटाच होता.

आता सांगते, मी माती कुठे खाल्ली ते.

चौथ्या भागात त्या मुलीसारखी हुबेहूब दिसणारी एक तोतयी येते. चेहरा तोच, कपडे तेच. फरक एकच. खरीच्या खांद्यावर हत्यारांची हिरवी पिशवी, तोतयीच्या खांद्यावर लाल. पान एकतीसवर दोघींची अदलाबदल होते, एक शब्द न बोलता, फक्त पिशवीचा रंग बदलतो. आणि पान अठ्ठेचाळीसवर म्हातारा बाप सापडतो, त्याला येऊन बिलगते ती तोतयी! माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि कार्डावर माझ्या आधी तिसऱ्याचं मत होतं. "शेवटी बाप-लेकीची भेट होते, ते पान अठ्ठेचाळीस मी तीन वेळा वाचलं. रडलो. सांगायला लाज वाटत नाही."

मला हसूच फुटलं. मी झरझर लिहिलं, "अहो तिसरे, ती त्याची लेक नाहीच! पिशवी लाल आहे, लाल! पान एकतीसनंतर काय डोळे मिटून वाचलंत? बसथांब्यासमोरच्या चष्म्याच्या दुकानात या. मी फुकट तपासून देते."

खरं सांगू? मस्करी होतीच ती. पण पत्ता मी मुद्दाम लिहिला होता. वाटलं... येईल. तावातावाने भांडायला तरी येईल.

बुधवारी कार्ड पाहिलं. माझ्या ओळीखाली चावीवाल्याने लिहिलं होतं, "हा हा हा! तिसरे, माझ्या आजीलासुद्धा दिसलं!" त्याखाली आणखी दोघातिघांची खीखी. निवृत्तांनीही या वेळी नवं मत दिलं होतं, "चित्रं छान. लाल ठळक."

तिसऱ्याचं काही नाही.

शनिवारी नाही. पुढच्या बुधवारी नाही. पाचवा भाग आला, सगळ्यांनी आळीपाळीने नेला, कार्ड भरत आलं. त्याची ओळ नाही. खिडकीपासूनच्या तिसऱ्या खुर्चीवर कुणीतरी ओली छत्री ठेवून दिली होती. मी ती उचलून बाजूला ठेवली. कशासाठी, कोण जाणे.

"बाई, ते तिसरे... आजारी वगैरे आहेत का?" शेवटी मी ग्रंथपालबाईंना विचारलंच.

"वाचकांची माहिती देत नाही आम्ही," त्या म्हणाल्या. मग शिक्का मारता मारता, माझ्याकडे न बघता, "तब्येतीला काही नाही."

म्हणजे ठणठणीत होता, आणि तरी येत नव्हता.

त्या रविवारी वहिनीने नेहमीचा प्रश्न विचारला, "मग? कुणी भेटलं का?" आणि मला रडूच आलं. "भेटलं होतं गं," मी म्हटलं. "मी हाकलून लावलं."

सोमवारी दुकानात एक गृहस्थ आले. बस चालवायच्या नोकरीसाठी डोळ्यांचा दाखला हवा होता. मी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो, तो वाचायचा असतो. त्यांनी बराच वेळ पाहिलं. कान लाल झाले त्यांचे.

"मला नुसते ठिपके दिसतात," ते हळूच म्हणाले. "यातलं हिरवं कुठलं हो?"

यातलं हिरवं कुठलं हो...

पट्टी! कोटावरची पांढरी भुकटी, पानांतली पांढरी भुकटी! त्याला लाल आणि हिरवं वेगळं दिसतच नव्हतं. जन्मापासून नसणार. पान एकतीस त्याच्यासाठी कधी घडलंच नव्हतं. आणि मी, दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी शहाणी, त्याला एकदा नाही, दोनदा आंधळा म्हणाले होते. एकदा तोंडावर, आणि एकदा सगळ्या गावासमोर.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या गृहस्थांना मी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि जमेल तितक्या हळुवारपणे सगळं समजावून सांगितलं. निदान तेवढं तरी नीट केलं.

बुधवारी मी चौथा आणि पाचवा, दोन्ही भाग घरी आणले. एकच खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि कामाला लागले. पानापानावर, चौकटीचौकटीत, कुणाच्या खांद्यावर कुठली पिशवी. कुठे जिना लाल, कुठे दिवा हिरवा. नुसते रंग लिहिले. त्यांचा अर्थ एका शब्दानेही लिहिला नाही. अर्थ लावायला त्याला माझी गरज नव्हती, तो माझ्यापेक्षा चांगला वाचायचा. शंभरएक पानं होती. रोज कामावरून आले की दोन तास, असे दहा दिवस लागले.

कागदांची चळत घेऊन ग्रंथपालबाईंसमोर उभी राहिले.

"पुस्तकात सुटे कागद ठेवायला मनाई आहे," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला. त्यांनी वरचा कागद वाचला. दुसरा वाचला. चष्मा काढून पुसला.

"सुट्या कागदांना मनाई आहे," त्या पुन्हा म्हणाल्या, "पण कार्ड भरलं की आपण जोडकार्ड लावतो. जोडकार्ड किती लावावीत, असा काही नियम नाही." आणि त्यांनी खणातून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला.

अठरा कार्डं भरली, आणि सगळी पाचव्या भागाच्या कार्डाला जोडली. पहिल्या कार्डावर, चावीवाल्याला आणि निवृत्तांनाही दिसेल असं, मी लिहिलं. "तिसरे, चूक माझी होती. मला दिसतं ते सगळ्यांना दिसतं, असं मी धरून चालले. पुढच्या कार्डांवर फक्त रंग आहेत. बाकी तुम्ही माझ्याहून नीट वाचता. तुमच्या मताशिवाय हा भाग वाचून मजा आली नाही. – चष्मेवाली."

मग वाट पाहणं आलं. बुधवार, शनिवार, बुधवार. दर वेळी पाचवा भाग उघडून बेचक्यात बोट फिरवायचे. बोट स्वच्छ. वाटायचं, आता पुरे, माणसाने किती आशा लावावी... आणि पुढच्या वेळी पुन्हा बोट फिरवायचे.

तिसऱ्या शनिवारी बोट पांढरं झालं.

घाईघाईत खिशातून काढताना कार्डं जमिनीवर पडली. सगळ्यांत शेवटच्या कार्डावर ते कोरल्यासारखं अक्षर होतं.

"आता कळलं, कोण कोण आहे. मेहनतीबद्दल आभारी आहे. असं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. पण पान अठ्ठेचाळीसबद्दल माझं मत बदललेलं नाही. तोतयी असेल ती, पण बापाला बिलगताना तिने डोळे घट्ट मिटलेत. फसवणारा माणूस डोळे उघडे ठेवतो. पुन्हा बघा. – खि. ति."

मी कपाटाकडे धावले. चौथा भाग, पान अठ्ठेचाळीस. लाल पिशवी... आणि तिच्यावर, म्हाताऱ्याच्या खांद्यात खुपसलेला तो चेहरा. डोळे मिटलेले होते. पापणीच्या कडेला एक इवलीशी रेघ, पाण्याची. मला आजवर फक्त पिशवी दिसली होती.

सोमवारी दुपारी दुकानाचं दार वाजलं.

"इथे डोळे फुकट तपासतात म्हणे?"

तोच कोट, तीच भुकटी. एवढी फटकळ मी, पण नुसतंच खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बसला. मी चाचणीची फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली, आणि वीतभर अंतरावरून पाहिलं, तर तो अक्षरांकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"समोर... समोर बघा," मी म्हटलं.

"समोरच बघतोय."

"अक्षरं मागे आहेत!"

"अक्षरं मी दिवसभर बघतो. दगडावर कोरतो. नावाच्या पाट्या." त्याने बाही झटकली आणि काउंटरवर पांढरी धूळ पडली. "संगमरवर. तुम्ही पीठ म्हणालात, तेव्हा खूप हसलो होतो."

"आणि नंतर... ते लाल पिशवीचं?"

"तेव्हा नाही हसलो. शाळेपासून सवय आहे हो, पण तुमच्याकडून लागलं. त्या कार्डावर मला वाटायचं, इथे कुणाला काही ठाऊक नाही, इथे मी बाकीच्यांसारखाच."

"मला माफ करा," मी म्हटलं. इतकं साधं वाक्य, पण आयुष्यात फार कमी वेळा म्हटलं होतं. "हे काचेने बरं होत नाही. तपासूनही उपयोग नाही."

"माहितीये."

"मग आलात कशाला?"

"फुकट होतं ना," तो म्हणाला. आणि तेच हसू हसला, पट्टीच्या वेळचं. "शिवाय सहावा भाग शनिवारी येतोय. एकच प्रत. आधी कोण वाचणार, ते ठरवायला नको?"

शनिवारी आम्ही खिडकीपासूनच्या तिसऱ्या आणि चौथ्या खुर्चीवर बसलो. पुस्तक मध्ये. मी दबक्या आवाजात रंग सांगत होते, तो पान उलटत होता. "लाल... हिरवी... इथे दोघी... डावीकडची लाल." बाहेर पाऊस रिपरिपत होता. त्याच्या कोटाला दगडाचा आणि साबणाचा वास होता. मध्येच तो म्हणायचा, "थांबा," आणि मला न दिसलेलं काहीतरी दाखवायचा. एक हात, एक सावली, चुकून उघडं राहिलेलं दार.

शेवटून दुसरं पान उलटलं आणि मी बोलायची थांबले.

इमारतीची वीज गेली होती. अख्खं पान काळं-पांढरं. अंधारात दोन मुली, दोन पिशव्या, आणि मध्ये हात पसरून उभा असलेला बाप.

"सांगा ना," तो म्हणाला. "लाल कुठली?"

"सांगता येत नाही."

"का?"

"इथे रंगच नाहीत." मी पानावर बोट ठेवलं. "तुम्हाला दिसतंय ना, अगदी तेच मला दिसतंय."

तो पानाकडे बघत राहिला. मीही. कितीतरी वेळ. मग त्याने हळूच विचारलं, "नक्की? अगदी तेच?"

"अगदी तेच."

पुस्तकाच्या कडेवर त्याचा हात होता. मी माझा हात त्यावर ठेवला. आणि पुन्हा कधी धीर होणार नाही, म्हणून एका दमात बोलून टाकलं. "तुम्ही गेलात तेव्हा या गावात मला कुणीच उरलं नव्हतं. मला तुम्ही आवडता. कोण आहात ते कळायच्या आधीपासून आवडता."

त्याच्या भुवईवर भुकटी होती. त्याने डोळे मिटले, घट्ट, आणि माझा हात तसाच धरून ठेवला.

तिकडे ग्रंथपालबाई खाकरल्या. "मत लिहिल्याशिवाय पुस्तक जागेवर जाणार नाही हं!"

त्याने पेन काढलं. "काय लिहू?"

"तुम्हाला काय वाटलं ते."

"पण पुढचा भागच नाही. मग मत कशाला?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. "आणि लिहून झालं की घरी चला. चहा करते. फक्त एक आहे... वाटेत एक खुर्ची घ्यावी लागेल."

"कुठल्या रंगाची?"

"तुम्ही निवडा," मी म्हटलं.